‘ते असंच येतं, पुढे जा म्हणायचं’

ऑफिसात सगळ्यात जास्त शिव्या खाणारी वस्तू कोणती, असं विचारलं तर बहुतेक जण प्रिंटरकडे बोट दाखवतील. कागद अडकला, टोनर संपला, पंधराऐवजी दीडशे पानं आली. तो बंद पडला की सगळे त्याच्याभोवती जमतात आणि चालू असला की कुणाचंच त्याच्याकडे लक्ष नसतं.

गेली पाच वर्षं माझा पगार या प्रिंटरांमुळे निघतो. मी पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. नेटवर्कवरच्या प्रिंटरांची, त्यातही त्यांच्या डिजिटल सर्टिफिकेटांची व्यवस्था लावणं हे माझं काम. कॉलेजच्या ग्रुपवर कुणी एआय मॉडेलं ट्रेन करतं, कुणी पेमेंट गेटवे बांधतं. मी काय करते ते सांगितलं की दोन-तीन हसणारे इमोजी येतात आणि विषय बदलतो. म्हटलं, एकदा नीट बसून सांगावं.

प्रिंटर म्हणजे कागद ओढणारा कॉम्प्युटर. त्यात प्रोसेसर असतो, मेमरी असते, मोठ्या मशिनमध्ये बऱ्याचदा हार्ड डिस्कसुद्धा असते. शिवाय एक छोटा वेब सर्व्हर असतो. प्रिंटरचा आयपी ॲड्रेस ब्राउझरमध्ये टाकला की त्याचं स्वतःचं पान उघडतं. टोनर किती उरलाय, स्कॅन कुणाला पाठवायचं, ॲडमिनचा पासवर्ड बदलायचा का, सगळं तिथे. ऑफिसातला प्रत्येक पगाराचा तक्ता, प्रत्येक करार, प्रत्येक राजीनामा या कॉम्प्युटरमधून जातो. आणि आपण त्याला फर्निचर समजतो.

२०१८च्या नोव्हेंबरमध्ये यूट्यूबवर प्यूडीपाय आणि आपली टी-सीरीज यांच्यात सबस्क्रायबरांची शर्यत लागली होती, ते आठवतंय? तेव्हा एका हॅकरने जगभरच्या सुमारे ५०,००० प्रिंटरांवर प्यूडीपायचा प्रचार छापला होता. आकडा त्याने स्वतःच सांगितलेला. त्यासाठी त्याला काही फोडावं लागलं नाही. ९१०० नंबरचं पोर्ट इंटरनेटला उघडं ठेवलेले प्रिंटर त्याने शोधले आणि छापायला सांगितलं. ते पोर्ट ‘तू कोण’ असं विचारतच नाही. जो येईल त्याचं छापतं.

ती गंमत होती. २०१६च्या फेब्रुवारीत बांगलादेश बँकेत घडलं ते गमतीचं नव्हतं. तिथे स्विफ्टच्या व्यवहारांची नोंद आपोआप छापणारा एक प्रिंटर होता. ५ फेब्रुवारीच्या सकाळी तो काही छापेना. लोकांना वाटलं, नेहमीचंच, प्रिंटर बिघडलाय. खरं तर चोरट्यांनी आत शिरून सुमारे ९५ कोटी डॉलर पळवण्याचे आदेश पाठवले होते, आणि त्यांचा पुरावा कागदावर येऊ नये म्हणून छपाई अडवली होती. त्यातले ८ कोटी १० लाख डॉलर फिलिपिन्समध्ये पोचले. प्रिंटरची तक्रार कुणी मनावर घेत नाही, हे चोरांना बँकेपेक्षा चांगलं माहीत होतं.

आता सर्टिफिकेट. हा शब्द ऐकून झोप येत असेल तर तुमचं ई-आधारचं पीडीएफ कॉम्प्युटरवर उघडून बघा. सहीच्या जागी बऱ्याचदा पिवळं प्रश्नचिन्ह दिसतं. फाइल खोटी आहे असा त्याचा अर्थ नाही. त्या सहीमागे ज्याचा शब्द आहे त्याला तुमचं पीडीएफ वाचणारं सॉफ्टवेअर ओळखत नाही, एवढाच अर्थ. ‘याच्यावर विश्वास ठेव’ असं एकदा सांगितलं की प्रश्नचिन्ह जाऊन हिरवी टिक येते. फाइल तीच असते, बदल फक्त ओळखीत होतो.

प्रिंटरचं सर्टिफिकेटही असंच. १९८८ साली ठरलेल्या एक्स.५०९ नावाच्या मानकाप्रमाणे त्यात मुख्य चार गोष्टी असतात: नाव, सार्वजनिक किल्ली, कधीपासून कधीपर्यंत चालेल ती मुदत आणि हे सगळं खरं आहे असं सांगणाऱ्याची सही. सार्वजनिक किल्लीची जोडीदार असलेली खासगी किल्ली प्रिंटरच्या पोटात राहते. ती तिथून बाहेर पडली तर कुणीही तो प्रिंटर असल्याचं सोंग आणू शकतो.

कारखान्यातून आलेल्या प्रिंटरच्या पोटात बहुधा एक सर्टिफिकेट आधीपासूनच असतं, पण त्याच्यावर सही त्याची त्यानेच केलेली असते. आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर ते स्वयंघोषणापत्र. ‘मी तिसऱ्या मजल्यावरचा प्रिंटर असून वरील माहिती खरी आहे.’ तहसील कार्यालयात स्वयंघोषणापत्र चालतं, कारण खोटं निघालं तर गुन्हा दाखल होतो. प्रिंटरवर कोण गुन्हा दाखल करणार? म्हणून ब्राउझर लाल पान दाखवतो: तुमचं कनेक्शन खासगी नाही. बोलणं कुलूपबंद असतं, पण कुलपाच्या पलीकडे खरंच तो प्रिंटर आहे की मधे बसलेला कुणाचा लॅपटॉप, हे सांगता येत नाही.

दोन वर्षांपूर्वी आमच्या कंपनीला एका मोठ्या हॉस्पिटलचं काम मिळालं. तीन इमारती, ३२६ प्रिंटर. पहिला आठवडा मी फक्त हिंडत होते. बिलिंगमध्ये, फार्मसीत, ओपीडीत, लॅबमध्ये. एके दिवशी मेडिकल रेकॉर्ड विभागात बसले होते. तिथे जुने केसपेपर स्कॅन करून प्रिंटरच्या वेब पानावरून कॉम्प्युटरवर उतरवून घेत. नुकतीच लागलेली एक मुलगी लाल पान बघून थबकली. शेजारच्या ताई स्वतःच्या स्क्रीनवरची नजर न काढता म्हणाल्या, “अगं, ते असंच येतं. ‘ॲडव्हान्स्ड’ दाब, मग खाली ‘प्रोसीड’. पुढे जा म्हणायचं.” मुलीने दाबलं. पिन टाकला. दहा सेकंदांत ती एक गोष्ट कायमची शिकली.

त्या ताईंना मी कसा दोष देणार? समोर केसपेपरांचा ढीग, आणि तेच पान दिवसातून तीसदा. ‘लांडगा आला रे आला’ या गोष्टीत आपण ओरडणाऱ्या पोराला नावं ठेवतो. इथे ते पोर म्हणजे आम्हीच होतो, आयटीवाले. वर्षानुवर्षं खोटी हाक मारून लोकांचे कान आम्ही बधिर केले. आणि ही सवय ऑफिसच्या दारात चपलेसारखी काढून ठेवता येत नाही. प्रिंटरसमोर ‘प्रोसीड’ दाबणारं बोट घरी बँकेच्या पानासमोरही तेच करतं.

यात काय जातं-येतं, असं तुम्ही म्हणाल. मी माझ्या आत्याचं सांगते. माझ्या जन्माच्या आधीची गोष्ट. आत्याला टीबी झाला होता. औषधं घेतली, सहा-आठ महिन्यांत ठणठणीत बरी झाली. पण तालुक्याच्या ज्या दवाखान्यात तिचा एक्स-रे काढला होता, तिथल्या कुणीतरी टेबलावरचा कागद वाचला आणि चहाच्या टपरीवर बोलला. ठरलेलं लग्न मोडलं. पुढच्या दोन स्थळांनी कारणसुद्धा सांगितलं नाही. आत्याने पुढे शिक्षिकेची नोकरी केली, आज ती मजेत आहे, पण अजूनही कुठलाही रिपोर्ट ती स्वतः जाऊन आणते, घडी घालून ब्लाउजच्या आत ठेवते. व्हॉट्सॲपवर पाठवू देत नाही. घरचे तिला हसतात. मी हसत नाही.

तेव्हा कागद फुटायला टेबलापाशी एक माणूस लागत होता. आता काय लागतं, हे आम्हाला हॉस्पिटलच्या व्यवस्थापनाला दाखवायचं होतं.

बैठकीत तीन पर्याय होते. पहिला, प्रिंटरांवरचं एचटीटीपीएस बंदच करून टाकायचं, म्हणजे लाल पान येणार नाही. हा पर्याय एका पुरवठादाराने गंभीरपणे मांडला होता. धूर दिसतो म्हणून अलार्मची वायर कापायची, त्यातला प्रकार. दुसरा, दहा वर्षं मुदतीचं एकच सर्टिफिकेट, एकच खासगी किल्ली, सगळ्या ३२६ प्रिंटरांत. स्वस्त आणि दोन दिवसांत होणारा. पण मग एक प्रिंटर भंगारात गेला, त्याच्या पोटातली किल्ली कुणी काढली, की उरलेले ३२५ उघडे. तिसरा आमचा: हॉस्पिटलची स्वतःची सही करणारी व्यवस्था उभी करायची, प्रत्येक प्रिंटरला त्याची स्वतःची किल्ली, एक वर्षाची मुदत आणि आपोआप नूतनीकरण. खर्च जास्त, वेळ चार महिने.

प्रशासक मॅडमनी शांतपणे विचारलं, “यात पेशंटचा काय फायदा? एवढ्या पैशांत मला दोन मॉनिटर येतात.” प्रश्न रास्त होता. हॉस्पिटलमध्ये पैसा कुठून तरी काढूनच कुठे तरी लावावा लागतो.

परवानगी आम्ही आधीच घेतली होती. लॅबच्या स्विचवर एक पोर्ट मिरर करून त्याला माझा लॅपटॉप जोडला होता. लॅबचं सॉफ्टवेअर जुनं, ९१०० वर साधा मजकूर पाठवणारं. लॅबमधल्या ताईंनी एका काल्पनिक पेशंटचा रिपोर्ट छापला आणि माझ्या स्क्रीनवर तो ओळीन् ओळ उमटला: नाव, वय, तपासणी एचआयव्ही, निष्कर्ष. वायरशार्क नावाचं फुकट सॉफ्टवेअर, बाकी काही नाही. कुणी बोललं नाही. मग मॅडमनी विचारलं, “हे आजसुद्धा असंच जातंय? खऱ्या पेशंटचं?” मी हो म्हटलं. एचआयव्हीबाधितांच्या माहितीचं जतन सुरक्षितपणे करण्याची जबाबदारी संस्थांवर टाकणारा कायदा २०१७ साली झालाय, हे त्यांना मी सांगण्याआधीच माहीत होतं.

तिसरा पर्याय मंजूर झाला, पण पैसे कापून. जे जुने प्रिंटर नव्या पद्धती शिकूच शकत नव्हते, ते सगळे बदलायला नकार मिळाला.

त्यानंतरचे चार महिने आयुष्यातले सगळ्यात कंटाळवाणे आणि सगळ्यात शिकवणारे. प्रत्येक प्रिंटरला आधी एक पक्कं नाव द्यायचं, कारण सर्टिफिकेट नावावर असतं. लोक आयपी ॲड्रेस टाकून जायचे, त्यामुळे सर्टिफिकेट बरोबर असूनही ब्राउझर ओरडायचा. मग सगळ्यांचे बुकमार्क बदला. प्रिंटरला त्याची किल्ली स्वतःच तयार करायला लावायची, त्याच्याकडून सहीसाठी विनंती घ्यायची, सही करून परत द्यायची. सरकारी कचेरीत अर्ज देऊन दाखला घ्यावा तसंच. नवी मशिनं हा व्यवहार स्केप नावाच्या प्रोटोकॉलने आपापला करतात. जुन्यांसाठी आम्ही स्क्रिप्टा लिहिल्या, आणि प्रत्येक मॉडेलच्या वेब पानाचा नखरा वेगळा.

घड्याळांनी तर वेड लावलं. काही प्रिंटरांतल्या घड्याळाचा सेल मेलेला. वीज गेली की ते थेट १ जानेवारी २००० मध्ये जाऊन बसायचे. मेल सर्व्हरचं सर्टिफिकेट बघून म्हणायचे, हे तर अजून सुरूच झालेलं नाही, आणि स्कॅन पाठवायला नकार द्यायचे. त्यांच्या दृष्टीने ते बरोबर होते. सगळ्यांना वेळ सांगणारा एक सर्व्हर दिला तेव्हा ते आपल्या शतकात आले.

तिसऱ्या इमारतीत ८०२.१एक्स होतं. म्हणजे नेटवर्कमध्ये शिरण्यासाठीच प्रिंटरला दारावर सर्टिफिकेट दाखवावं लागतं. सुरक्षित व्यवस्था, पण मुदत संपली की प्रिंटर दाराबाहेर, आणि बाहेर पडला की नवं सर्टिफिकेट नेटवर्कवरून त्याच्यापर्यंत पोचत नाही. मग वायर घेऊन त्याच्यापाशी चालत जायचं. म्हणून मुदत संपायच्या तीस दिवस आधीच नूतनीकरण, रोज थोड्या-थोड्या प्रिंटरांचं, आणि कुठलीही शेवटची तारीख लक्ष्मीपूजनाच्या आठवड्यात येऊ द्यायची नाही, हा नियम आम्ही लिहून ठेवला.

शेवटी हिशोब असा लागला. २८४ प्रिंटर नव्या व्यवस्थेत आले. लॅबचे चार बदलून मिळाले. उरलेल्या ३८ म्हाताऱ्यांना नेटवर्कच्या एका वेगळ्या कप्प्यात बसवलं आणि त्यांच्याशी फक्त प्रिंट सर्व्हरने बोलायचं असं ठरवलं. आदर्श व्यवस्था नव्हे, पण जे आहे ते कागदावर नोंदलेलं आहे.

सगळ्यांच्या वर सही करणारी जी मूळ किल्ली, ती कुठे ठेवायची यावर मात्र आम्ही बराच वेळ घालवला. कारण साखळीतली वरची कडी तुटली की खालचं काही उरत नाही. २०११ साली डिजिनोटार ही सर्टिफिकेट देणारी डच कंपनी हॅक झाली, गूगलच्या नावाचं खोटं सर्टिफिकेट तिच्या सहीने निघालं आणि इराणमधल्या लोकांवर पाळत ठेवायला वापरलं गेलं. त्याच वर्षी कंपनी दिवाळखोरीत गेली. २०१४च्या जुलैमध्ये आपल्याकडेही घडलं. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या सर्टिफिकेट विभागातून गूगलच्या नावांची अनधिकृत सर्टिफिकेटं निघाल्याचं गूगलने जाहीर केलं, आणि देशाच्या नियंत्रक कार्यालयाने त्या विभागाची अधिकारपत्रं रद्द केली. हे वाचलेलं असल्याने आम्ही मूळ किल्ली कुठल्याच सर्व्हरवर ठेवली नाही. ती एका टोकनवर आहे, टोकन रोखपालांच्या तिजोरीत, आणि ते काढायला दोन माणसांच्या सह्या लागतात. रोखपाल काका म्हणाले, “यात किती रुपये आहेत?” आमच्या साहेबांनी सांगितलं, “काका, तुमच्या सगळ्या कॅशपेक्षा जास्त समजा.” त्यांनी ते टोकन सोनं तारण ठेवतात तसं पाकिटात घालून वर लाखेचं सील लावलं.

मग हॉस्पिटलच्या सगळ्या कॉम्प्युटरांना या नव्या सहीची ओळख करून दिली आणि लाल पान यायचं थांबलं. रेकॉर्ड विभागात जाऊन मी एवढंच सांगितलं, “आता ते येणार नाही. आलं तर पुढे जाऊ नका, या नंबरवर फोन करा.” ताई म्हणाल्या, “बघू.”

साताठ महिन्यांनी फोन आला. “मॅडम, ते परत आलंय. मी काही दाबलेलं नाही.” मागे कुणीतरी “अहो दाबा ना, गर्दी झालीय” म्हणत होतं, तेही ऐकू येत होतं. आम्ही तपासलं. आदल्या संध्याकाळी दुरुस्तीवाल्याने त्या प्रिंटरचा मुख्य बोर्ड बदलला होता, आणि नव्या बोर्डाबरोबर कारखान्याचं स्वयंघोषणापत्र परत आलं होतं. हॅकर वगैरे कुणी नव्हतं. अर्ध्या तासात काम झालं. पण माझ्या लेखी त्या चार महिन्यांचा खर्च त्या फोनने वसूल झाला. लाल पानाला पुन्हा अर्थ आला होता, आणि गर्दी अंगावर घेऊन एक बाई त्यासाठी थांबली होती.

इथे एक गैरसमजही दूर करायला हवा. सर्टिफिकेट चांगुलपणाचा दाखला देत नाही. समोरचा जो नाव सांगतोय तोच तो आहे, एवढंच ते सांगतं. फसवणूक करणाऱ्या साइटही आता रीतसर सर्टिफिकेट घेऊन बसलेल्या असतात. लोक कुलपाच्या चित्राला सज्जनपणाची खूण समजू लागले, म्हणून क्रोमने २०२३ साली ते चित्रच काढून टाकलं. म्हणजे लाल पान आलं तर थांबायचं हे नक्की, पण नाही आलं म्हणून डोळे मिटायचे नाहीत.

आणि मुदती आता आखडत चालल्या आहेत. जगजाहीर वेबसाइटच्या सर्टिफिकेटांची कमाल मुदत २०२० पासून ३९८ दिवस होती. २०२६च्या मार्चपासून ती २०० दिवस, २०२७ पासून १०० आणि २०२९ पासून ४७ दिवस, असं ब्राउझर आणि सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थांनी मिळून ठरवलंय. ऑफिसच्या आतल्या खासगी व्यवस्थेला हा नियम लागू नाही, पण वारा कुठल्या दिशेचा आहे ते कळतं. हाताने करायचे दिवस संपत आले. मित्र विचारतात, सारखं सारखं तेच नूतनीकरण, कंटाळा नाही येत? येतो. पण कधीही न संपणारा विश्वास आणि विश्वास तपासायचं विसरून जाणं, यांत फार अंतर नसतं. आत्याच्या दवाखान्यातही सगळ्यांचा सगळ्यांवर विश्वास होताच.

तुमच्या घरी वायफायवरचा प्रिंटर असेल तर आज पाच मिनिटं काढा. त्याचा आयपी ॲड्रेस ब्राउझरमध्ये टाका. लाल पान येईल. या एका वेळी ते का आलंय हे तुम्हाला माहीत आहे. सर्टिफिकेटवर सही कुणाची आहे आणि मुदत कधीपर्यंत आहे ते वाचा. मग आत जाऊन ॲडमिनचा पासवर्ड बदला, तो बहुधा अजून कारखान्यातलाच असेल. आणि प्रिंटर भंगारवाल्याला द्यायच्या आधी फॅक्टरी रीसेट करा. आमच्या हॉस्पिटलमधून निघालेल्या चार जुन्या मशिनांच्या हार्ड डिस्का काढून घ्यायला मी स्वतः उभी होते. एकीत तीन वर्षांचे रिपोर्ट होते.